दोर धरणाऱ्याचे काय?

सह्याद्रीच्या घळीत दोराने उतरणे हा आता मूठभर गिर्यारोहकांचा छंद उरलेला नाही. तो एक धंदा झाला आहे. पावसाळ्यात भिवपुरीजवळच्या बेकरे आणि लोणावळ्याजवळच्या दुधिवरे येथील धबधब्यांवर, आणि पाऊस ओसरला की अकोले तालुक्यातील साम्रदच्या सांदण दरीत मुंबई-पुण्याचे जथे उतरतात. सांदण म्हणजे पठाराला पडलेली एक खोल भेग. दोन्ही बाजूंना शेकडो फूट कातळ, मध्ये थंड पाण्याचे डोह, आणि पुढे एकाखाली एक कडे, ते थेट शहापूर तालुक्यातील डेहण्याच्या अंगाला. पावसाळ्यात हेच कडे धबधबे होतात आणि दरी बंद होते.

ही सारी श्रीमंतांची चैन, तिच्याशी चळवळीचा काय संबंध, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हे म्हणणे उथळ आहे. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढला तो फक्त झोपेसाठी नव्हे. गिरणगावच्या चाळींतली पोरे पाठीवर पिशवी टाकून, रात्रीची एस.टी. पकडून सह्याद्रीत भटकत असत. डोंगर तेव्हाही कुणाच्या बापाची मालमत्ता नव्हता. आक्षेप खेळावर नाही. त्यातला नफा कोणाच्या खिशात जातो आणि जोखीम कोणाच्या माथी येते, यावर आहे.

हे समजण्यासाठी उतरण्याची रीत जाणून घ्यावी लागते. कातळात ठोकलेल्या बोल्टवर सगळ्यांचा भार असतो. वाहत्या पाण्यात कोणी मध्येच अडकला तर त्याला श्वास घेता येत नाही. म्हणून दोर पक्क्या गाठीने न जखडता, वरून सैल सोडून माणसाला खाली उतरवता येईल अशा रीतीने बांधायचा असतो. दोराचे टोक खालच्या डोहात गुरफटेल इतके लांब ठेवून चालत नाही. आणि सारे जण उतरल्यावर दोर खाली ओढून घेतला की माघारी फिरण्याची वाट संपते. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले असे सांगतात. येथे ते रोजच्या कामाचा भाग म्हणून कापले जातात. एवढे ज्ञान आणि एवढी जबाबदारी ज्या हातांत आहे, ते हात बहुधा रोजंदारीवरचे असतात. ओझी वाहणारा, वाट दाखवणारा, डोहापाशी उभा राहून परक्यांना हात देणारा गडी गावचाच, बहुतेक वेळा महादेव कोळी समाजातला. पैसे मात्र शहरात, आगाऊ भरले जातात.

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख घळीत २७ जुलै १९९९ रोजी वरच्या डोंगरात वादळी पाऊस झाला आणि अचानक आलेल्या लोंढ्यात २१ जण मेले. त्यांपैकी १८ पर्यटक होते आणि तिघे वाटाडे. डिसेंबर २००१ मध्ये तेथील न्यायालयाने संचालकांसह सहा जणांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. दोन वाटाड्यांना सोडून दिले. शिक्षा सौम्य होत्या, पण जबाबदारी वर चढवली गेली, मजुराच्या गळ्यात बांधली गेली नाही. पुढे अशा धोक्याच्या खेळांसाठी परवाना व विमा सक्तीचा करणारा कायदा आला आणि तो २०१४ पासून लागू आहे. भांडवलशाही देशाला जे उमजले, त्याची येथे वाच्यता तरी होते काय?

येथे सरकारला एकच हत्यार ठाऊक आहे: बंदीहुकूम. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळ एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि लगेच जिल्ह्यात मनाईचे आदेश निघाले. अशा आदेशाने जीव वाचत असतील तर वाचोत. पण त्याचा पहिला फटका कणसे भाजणाऱ्या बाईला बसतो, आयोजकाला नव्हे. तो पुढल्या आठवड्यात दुसरा धबधबा शोधतो. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण केले, आयोजकांची नोंदणी ठरवली. नोंदणी हवीच. परंतु कामावर मरणाऱ्याची भरपाई मालकाने द्यावी हे तत्त्व या देशाच्या कायद्यात १९२३ पासून आहे. ते दरीच्या तोंडाशी येऊन का थबकते, हे मंत्रालयाला विचारले पाहिजे.

साम्रदच्या परिसराने याआधीही पुष्कळ दिले आहे. १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी खालच्या उसाला गेले. शेजारच्या घाटघरला पाणी कड्यावरून खाली सोडून वीज काढतात. आता दरीही विकली जात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला दिला, अभयारण्यातही दिला. त्याच अधिकाराने दिवसाला किती माणसे उतरतील, बोल्ट कोण तपासील, गावच्या गड्याला मजुरी काय आणि त्याचा विमा कोण भरील, हे ग्रामसभेने ठरवावे. गावच्या तरुणांना दोरकामाचे व सुटकेचे शिक्षण सरकारी खर्चाने मिळावे. आज अपघात झाला की सर्वांत आधी धावतात तेच, आणि तेही रिकाम्या हातांनी.

अकोले आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी हा विषय हंगामापूर्वीच्या ग्रामसभांत घ्यावा. दरीचे वरचे तोंड एका जिल्ह्यात आणि उतार दुसऱ्यात असल्याने एकट्या साम्रदच्या ठरावाने भागणार नाही.