पासवर्ड हीसुद्धा अमानत

संगणकाला चिकटवलेली चिठ्ठी, रजिस्टरचे शेवटचे पान, शिक्षकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. शाळांचे पासवर्ड बहुधा इथेच सापडतात. यू-डायस प्लसच्या पासवर्डमागे मुलांची नावे, जन्मतारखा, आईवडिलांची माहिती असते. ही माहिती पालकांनी विश्वासाने सोपवलेली अमानत आहे. ती चिठ्ठीवर ठेवणे मला मान्य नाही.

माझ्या मते यावर ‘पास’ हा मोफत प्रोग्राम चांगला उपाय आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोग्राम लिनक्सवर माऊसऐवजी आज्ञा टाईप करून चालतो. प्रत्येक पासवर्डची वेगळी फाईल होते आणि तिला जीपीजीचे कुलूप लागते. आपण लक्षात ठेवायचे ते एकच परवलीचे वाक्य. कॉपी केलेला पासवर्ड ४५ सेकंदांनी क्लिपबोर्डवरून आपोआप पुसला जातो.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. फाईलींची नावे उघडीच दिसतात, म्हणून नावात गुपित लिहू नये. आणि जीपीजीची किल्ली हरवली तर सगळेच गेले. तिची प्रत वेगळ्या पेनड्राईव्हवर, कुलपात ठेवावी.

“हे इंजिनिअरचे काम, आपले नाही,” असे सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. चार आज्ञा शिकणे अलिफ-बे शिकण्याहून सोपे आहे, आणि ते तर आपण रोज पहिलीच्या मुलांकडून करून घेतो.