अर्क कधी पाजला?

दम्यावरच्या वनस्पतींचे शोधनिबंध आमच्याकडे छापण्यासाठी येतात, त्यातली कृती बहुधा एकच असते. उंदरांना ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातले प्रथिन, टोचायचे. पुढे तेच नाकावाटे द्यायचे. मग फुप्फुसे धुऊन त्या पाण्यातल्या, ॲलर्जीच्या सुजेत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी मोजायच्या. अडुळसा असो, शिरीष असो की भारंगी, अर्क पाजला की पेशी घटतात, आयजीई हे ॲलर्जीचे प्रतिपिंड उतरते आणि शेवटी 'दम्यावर गुणकारी' असे लिहिलेले असते.

पण अर्क कधी पाजला? पुष्कळदा तो प्रथिन हुंगवण्याच्या आधीच सुरू झालेला असतो. वैद्याकडे येणारा रुग्ण तर दमा अंगात मुरल्यावर येतो. सूज पुरती धरल्यानंतर दिलेला अर्क काय करतो, हे ज्या प्रयोगात पाहिलेच नाही, त्याने त्या रुग्णाविषयी फारसे काही सांगितलेले नाही.

प्राणी कोणता, यानेही उत्तर बदलते. उंदराला आपणहून दमा होत नाही. गिनीपिगची श्वासनलिका हिस्टामिनने झटकन आवळते, म्हणून तिथे हिस्टामिनरोधक औषधे चमकतात. माणसाच्या दम्यात ती तोकडी पडतात. उलट, अम्मी व्हिस्नागा या वनस्पतीतल्या खेलिनच्या अभ्यासातून पुढे आलेल्या क्रोमोग्लायकेट या दम्याच्या औषधाचा गुण कळला तो प्राण्यांवरून नव्हे, तर रॉजर अल्टून्यान या दमेकरी डॉक्टरांनी स्वतःवर केलेल्या चाचण्यांतून.

मात्रेचा हिशेब तर निबंधात क्वचितच सापडतो, आणि आम्हाला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम दिले, तर शरीराच्या पृष्ठफळानुसार १२.३ ने भागून ६० किलोच्या माणसाला सुमारे २ ग्रॅम अर्क होतो. वाळलेल्या पानांतून शेकडा १० अर्क निघत असेल, तर ही २० ग्रॅम पाने झाली, काढ्यात बसण्याजोगी. शेकडा १ च निघत असेल, तर रोज २०० ग्रॅम पाने लागतील. ती कोण घेणार?

यापुढे निबंध पाठवताना सूज धरल्यानंतर अर्क दिलेला एक तरी गट, माणसासाठीच्या मात्रेचा हिशेब आणि अर्काची ओळख पटवणारे मोजमाप (अडुळशात वासिसिनचे प्रमाण) जरूर द्यावे. ओव्हाल्ब्युमिनमध्ये एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचे विष, किती होते, तेही लिहावे. त्याने सुजेचे रूपच पालटते. ज्या अर्कांचा गुण आला नाही, त्यांचे निबंधही पाठवा. त्या प्रयोगांतही प्राण्यांचे जीव गेलेले असतात, आणि तोच प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत नकळत पुन्हा होऊ नये, म्हणून ते आम्ही छापणार आहोत.