पोर बसत नाही, म्हणून लगेच ‘एडीएचडी’?

तीन वर्षांचं पोर वर्गात एका जागी बसत नाही, की शाळेचा निरोप येतो, “तपासून घ्या.” पण तपासायचं कसं? कार्डं आधी रंगाने, मग आकाराने लावायचा एक खेळ असतो. नियम बदलला तरी या वयाची बहुतेक मुलं जुन्याच नियमाने लावत राहतात. तो आजार नाही हो, वय आहे! उलट शांत खोलीत, समोर एकच माणूस असला की खरी अडचण असलेलं मूलही छान खेळून दाखवतं. म्हणूनच ‘ब्रीफ-पी’सारखी ६३ बाबींची प्रश्नावली असते, ती आईवडिलांनी भरावी आणि वर्गातल्या बाईंनीही. निरोप धाडणाऱ्या शाळा बाईंना तेवढा वेळ देणार आहेत का?