कोटेशन लिहिता येतं का?

उद्योजक जन्मावाच लागतो, वर्गात तो घडत नाही, असं म्हणत आयटीआयमधले उद्योजकतेचे तास निकालात काढणारे पुष्कळ आहेत. नेदरलँड्समधला एक अभ्यास त्यांना सोयीचा वाटेल. तिथल्या एका व्यावसायिक महाविद्यालयाच्या ब्रेडा शाखेत विद्यार्थ्यांनी वर्षभर छोट्या कंपन्या चालवल्या. डेन बॉश शाखेत हा उपक्रम नव्हता. दोन्हीकडच्या मुलांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. कौशल्यांत म्हणावा असा फरक नव्हता, आणि ब्रेडातल्या मुलांची धंद्यात पडण्याची इच्छा तर उलट कमी झाली होती.

पण याला अपयश का म्हणायचं? माल विकून, भागधारकांना हिशेब देऊन एखाद्या मुलीला हे आपलं काम नाही असं कळलं, तर ते कर्ज डोक्यावर येण्याआधी कळलं. मुलांना वास्तवाचं भान आलं असावं, ही शक्यता खुद्द अभ्यासकांनीच मांडली आहे. शिवाय कौशल्यं मोजली ती मुलांच्याच स्वतःविषयीच्या उत्तरांवरून.

जन्मजात गुणांचा दावा तर आपल्याच देशात तपासला गेला आहे. १९६४ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. पुढे त्यांची तुलना प्रशिक्षण न घेतलेल्यांशी झाली, तेव्हा नवी गुंतवणूक करण्यात प्रशिक्षित मंडळी पुढे दिसली. इथे मोजली गेली ती प्रत्यक्ष कृती.

आयटीआयमध्ये मात्र पर्यायावर खूण करून गुण मिळतात. वायरमन ट्रेडचा मुलगा 'उद्योजक म्हणजे काय' याचं उत्तर बरोबर देतो. दोन खोल्यांच्या वायरिंगचं कोटेशन मागितलं, की तो वायर, पाइप, स्विच, बोर्ड भराभर मांडतो आणि मजुरीपाशी थबकतो. किती दिवस? सोबतच्या पोराचा रोज? तक्रार आली तर पुन्हा मारावी लागणारी फेरी? शेवटी शेजारचा मिस्त्री घेतो तोच आकडा तो लिहितो. खरी परीक्षा या कागदावर घ्यायला हवी.

दुसरी परीक्षा नंतरची. कर्नाटकात उजिरे इथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगावर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं त्या शिकून गेलेल्यांचा पाठपुरावा करतात, किती जण कामधंद्याला लागले ते पाहतात. आयटीआयला हे अशक्य नाही. निदेशकाला त्यासाठी वर्षातले काही दिवस आणि प्रवासभत्ता द्या. जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात बसून त्याने उधारीची वही उघडून पाहावी.