घर-संसार : पाण्याची चावी आपल्या हाती

साताऱ्याच्या शाळेत शिकताना बाल भीमराव कितीही तहानले, तरी त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. आज आपल्या घरात आपल्या नावाचा नळ आहे. पण घराचे पाणी बंद करण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो फिरतो का, हे घरातल्या किती जणांना ठाऊक आहे?

जुन्या घरांत बहुधा चाकाचा पितळी गेट व्हॉल्व्ह असतो. चाक फिरवले की आतली झडप खाली उतरते. वर्षानुवर्षे हात लावला नाही, तर क्षार साठून ती अडकते. मग एखाद्या दिवशी तोटी तुटली की पाणी थांबवायचे कसे?

चाकाखालून थेंब गळत असेल तर घाईने व्हॉल्व्ह फेकू नये. दांड्याभोवतीचा नट पाव फेरा आवळून पाहावा. तरीही गळले तर आतले पॅकिंग बदलावे. मात्र चाक पूर्ण बंद करूनही नळ वाहत असेल, तर व्हॉल्व्ह बदलणेच शहाणपणाचे.

नवा घेताना जुन्याचे माप न्यावे. घरात बहुधा अर्धा किंवा पाऊण इंची असतो. पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह म्हाताऱ्या माणसालाही सोपा जातो. काम पाणी जाण्याच्या वेळेनंतर करावे. आधी बादल्या भरून ठेवाव्यात, मोटारीचे बटण बंद करावे. टाकीखालचा व्हॉल्व्ह असेल तर टाकी रिकामी करावी.

लोखंडी पाइपाला दोन पाने लागतात. एकाने पाइप घट्ट धरावा, दुसऱ्याने व्हॉल्व्ह फिरवावा. नाहीतर भिंतीतला गंजका पाइप पिळवटून तुटतो. जवळ युनियन नसेल तर पाइप कापावा लागतो. ते काम प्लंबरकडेच द्यावे. आटे पुसून त्यावर टेफ्लॉन टेप आटे आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी. पाणी हळूहळू सोडावे आणि सांध्यावर कोरडा कागद फिरवून ओल पाहावी. मीटरपूर्वीची जोडणी मात्र नगरपालिकेची. तिला हात लावू नये.

गळती किती, हे तांब्या लावून मोजा. तासाला एक लिटर गेले तर वर्षाला 8,760 लिटर होतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरला पहिली रेल्वे गेली, तिच्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. अशी 58 घरे वर्षभर गळली की तेवढे पाणी मातीत जाते.

दुसरा धोका आरोग्याचा. पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर एरवी पाइप रिकामा राहतो. गळका सांधा गटाराजवळ असला तर घाण आत ओढली जाते. कावीळ, जुलाब यांना मग वेगळे कारण लागत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. आणि तो कसा बंद करायचा, हे घरातल्या लेकीसुनांना व शाळकरी मुलांनाही आजच दाखवून ठेवावे.