‘जपून जा’ म्हणजे ‘जाऊ नको’ नव्हे

सायकल चालवणाऱ्या बाईला ‘जपून जा गं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. उतारावर ब्रेक कसा दाबायचा हे दाखवणारं मात्र क्वचितच कुणी भेटतं. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, पण ते जरा फोड करून मांडायला हवं.

मी पुण्यात राहते, नोकरी करते, वय सत्तेचाळीस. गेली सहा वर्षं माझ्याकडे गिअरची माउंटन बाईक आहे. आठवडाभर तिच्यावरून कामावर जाते, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. रविवारी तीच सायकल घेऊन आम्ही चार-पाच जणी आसपासच्या डोंगरांत, कच्च्या वाटांवर जातो. वर्षातून एखाद्या हौशी स्पर्धेत नाव देते आणि बहुधा शेवटच्या काही जणींत पोचते. तेव्हा हे कुणा विजेतीचे अनुभव नव्हेत.

‘हे सुखवस्तू बायकांचे चोचले आहेत,’ असं आपल्याच एका बैठकीत मला एकीनं सुनावलं. तिचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. डोंगरात टिकेल अशी सायकल घ्यायची तर वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जावं लागतं, आणि तेवढ्यात एखादीचं घर दोन महिने चालतं. पण सायकल आणि बाई हा प्रश्न श्रीमंतांचा कधीच नव्हता. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेच्या जोडीनं बायकांना सायकल शिकवली गेली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ते काम उचलून धरलं. दगडखाणीत राबणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, अंगणवाडी चालवणाऱ्या अशा लाखभर बायका सायकल शिकल्या. टवाळी झाली, अश्लील शेरे झाले, तरी त्या चालवत राहिल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुष्कळ जणींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं! बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. त्यावर पुढे झालेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेत नाव असलेल्या मुलींचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि शाळा लांब असलेल्या गावांत हा फरक अधिक होता. डोंगरातली सायकल आणि शाळेची सायकल यांत किमतीचा फरक आहे. पण बाईनं एकटीनं, स्वतःच्या बळावर अंतर कापायचं की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आता स्पर्धेच्या तयारीकडे येते. वीस-पंचवीस किलोमीटरच्या हौशी स्पर्धेसाठी आठ-दहा आठवडे पुरतात. आठवड्यातून तीनदा चालवायचं: एक दिवस चढावर कस लावायचा, एक दिवस हलकं चालवायचं, रविवारी लांबचा पल्ला. शेवटच्या आठवड्यात मेहनत कमी करायची. स्पर्धेच्या दिवशी नवे बूट नकोत, नवं खाणं नको. पल्ला लांबला तर दर पाऊण तासानं केळं, खजूर किंवा चिक्की, आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी. एवढं कुठलाही प्रशिक्षक सांगेल.

तो सांगत नाही ते असं. पहिलं म्हणजे रक्त. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमधल्या ५४ जणींना रक्तक्षय आहे. चढावर धाप लागली की ‘आपलं वय झालं’ म्हणून बाई सायकल सोडते. तिनं आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. दुसरं म्हणजे सीट. बाईच्या बैठकीची हाडं सर्वसाधारणपणे पुरुषापेक्षा थोडी रुंद असतात, आणि दुकानातल्या सायकलीला बहुतेक वेळा अरुंद सीट असते. नको त्या जागी दुखतं, सोलवटतं, आणि बोलायची लाज वाटते. लाजू नका. दुकानदाराला स्पष्ट सांगून सीट बदलून घ्या, तिची उंची नीट लावून घ्या. निम्मं दुखणं तिथंच थांबतं.

तिसरी गोष्ट वेळ, आणि ती सगळ्यांत अवघड. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईची रोज सरासरी २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. मग सरावाचे आठवड्याचे पाच-सहा तास बाईनं आणायचे कुठून? झोपेतून. माझ्या ओळखीच्या बहुतेक जणी पहाटे साडेचारला उठून, कणीक मळून, भाजी फोडणीला टाकून सायकलीवर बसतात. त्यांचं कौतुक होतं, वर्तमानपत्रात ‘घर सांभाळून’ अशी ओळही छापून येते. मला त्या ओळीचा राग येतो. पुरुष सायकलपटूबद्दल ती कधी छापलेली पाहिलीत? आमच्या घरी मंगळवार-गुरुवारचा डबा नवरा करतो. त्याला मी मदत म्हणत नाही. डबा तोही खातो.

आता डोंगरातल्या धोक्याचं. तो खरा आहे, पण शिकून कमी करता येतो. आपल्याकडच्या मुरमाड उतारावर चाक सरकतं, पावसाळ्यात काळ्या खडकावर शेवाळ धरतं. तिथं पुढचा ब्रेक एकदम आवळला तर बाई हँडलवरून पुढे फेकली जाते, आणि नुसता मागचा दाबला तर चाक घसरतं. म्हणून दोन्ही ब्रेक हलक्या बोटानं, आणि वळणाच्या आधी. उतारावर सीटवरून उठायचं, अंग मागे आणि खाली न्यायचं, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवायचे. नजर टाळायच्या दगडावर नको, जायच्या वाटेवर हवी, कारण सायकल नजरेमागे जाते. कच्च्या वाटेवर टायरमधली हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी असावी, म्हणजे पकड येते. हेल्मेट घातल्याशिवाय निघायचं नाही. जवळ एक जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर आणि चेनचं हत्यार हवं, आणि ते वापरता यायला हवं. कुठल्या वाटेनं जाणार, कधी परतणार, हे घरी कुणाला तरी सांगून जायचं. हे सगळं दोन रविवारांत शिकता येतं. आमच्यापैकी एकीही जन्मतः धीट नव्हती.

मग दुसरा धोका, पुरुषांचा. तो टाळून लिहिणं खोटेपणाचं होईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ बोपदेव घाटात एकवीस वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. तिच्याबरोबर तिचा मित्र होता. त्यालाही बांधून ठेवलं होतं. तो घाट सायकल चालवणाऱ्यांच्या नेहमीच्या वाटेवरचा. त्या आठवड्यात आमच्यातल्या तिघींच्या घरी ‘आता डोंगर बंद’ असा हुकूम निघाला. गुन्हा केला पुरुषांनी आणि संचारबंदी लागली बायकांवर! घरच्यांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही; मलाही ती वाटली. पण बायका डोंगरावरून हटल्या तर डोंगर सुरक्षित होत नाही, फक्त गुन्हेगारांसाठी मोकळा होतो. आम्ही त्यावर बोललो आणि ठरवलं, की काही महिने चौघींपेक्षा कमी जायचं नाही, उजाडल्यावर निघायचं, वाटेवरच्या वस्त्यांतल्या बायकांशी ओळख ठेवायची. ही तात्पुरती सोय झाली. उत्तर म्हणजे घाटात दिवे, नियमित गस्त आणि तक्रार लगेच लिहून घेणारी चौकी, आणि ती जबाबदारी सरकारची.

गंमत अशी, की डोंगराला भिणारी हीच मंडळी मी रोज डंपर आणि बसच्या शेजारून कामावर जाते तेव्हा काही बोलत नाहीत. कारण त्या जाण्यातून पगार येतो. मला तर रोजचा रस्ता जास्त धोक्याचा वाटतो. शहरातल्या सायकलमार्गावर गाड्या लावलेल्या असतात, हातगाड्या उभ्या असतात, आणि मध्येच तो संपतो. अशा रस्त्यावर मला डोंगरातलं शिक्षण उपयोगी पडतं: तोल, ब्रेक, खड्ड्याच्या पलीकडे पाहणं. धुणंभांडी करायला चार घरी जाणारी बाई सायकल शिकली तर तिचा दिवसाचा तासभर वाचेल. पण तिला रस्ता कोण देणार?

शेवटी स्पर्धा भरवणाऱ्यांना दोन शब्द. एका स्पर्धेत नावं कमी आली म्हणून महिलांचा गट ऐन सकाळी रद्द झाला आणि आम्हा तिघींना पुरुषांच्या गटात ढकललं. दुसरीकडे पुरुषांना तीन बक्षिसं, बायकांना एक. ‘बायका येतच नाहीत हो,’ हे ठरलेलं उत्तर. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सायकल शर्यती १८९६ पासून आहेत; बायकांना १९८४ पर्यंत थांबावं लागलं. माउंटन बाईक मात्र १९९६ मध्ये अटलांटाला आली ती पहिल्याच वर्षी दोघांसाठी. ठरवलं तर होतं. गट ठेवा, बक्षिसं सारखी ठेवा, मार्गावर बायकांसाठी संडासाची सोय करा. मग कोण येतं ते पाहू.

आपल्या संघटनांकडून मला तीन गोष्टी हव्यात. शिबिरांमध्ये स्वसंरक्षणाच्या जोडीला सायकल चालवणं आणि दुरुस्त करणं शिकवावं. वॉर्डातल्या सायकलमार्गाची पाहणी बायकांनी स्वतः फिरून करावी आणि तिचा कागद महापालिकेत द्यावा. आणि ‘जपून जा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारावं, की माझी वाट सुरक्षित व्हावी म्हणून तू स्वतः काय करणार आहेस?

पुढच्या शिबिरात एक दुपार मला द्या. पंक्चर काढायचं सामान मी घेऊन येते.