उसनी सुपरकार आणि खंडाळ्याचा घाट

सुपरकार चालवण्याचा थरार वेग बदलत असताना येतो. वेग एकदा स्थिरावला की तो ओसरतो. माणसाच्या कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या भागात, खडूच्याच जातीच्या बारीक कणांचा एक थर असतो. गाडीने झेप घेतली की हे कण मागे रेलतात आणि मेंदूला खबर जाते. वेग सारखा राहिला की ते पुन्हा जागेवर येतात. म्हणून विमान ताशी आठशे किलोमीटरने जात असतानाही आतला प्रवासी निवांत चहा पिऊ शकतो. शनिवार-रविवारपुरती कुणाची तरी सुपरकार मागून घेऊन लोणावळ्याला जाण्यात काय मजा, वाटेत तर ताशी शंभराचीच मर्यादा, असं विचारणाऱ्याला उत्तर या कणांत आहे.

लॅम्बोर्गिनीच्या हुराकानचं उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर बनवणाऱ्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी १९६३ साली इटलीत मोटारींची कंपनी काढली आणि १९६६ सालच्या मिउरा या गाडीत इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलं. २०१४ साली आलेल्या हुराकानमध्येही ते तिथेच आहे. दहा सिलिंडर, ५.२ लिटर, ६१० अश्वशक्ती आणि टर्बो नाही. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठायला तिला ३.२ सेकंद लागतात. हिशेब केला तर हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ नऊ-दशांश भरतं. सत्तर किलो वजनाच्या माणसाला सीट पाठीमागून साधारण बासष्ट किलोच्या जोराने ढकलते. टोलनाका मागे पडला, पुढची लेन मोकळी आहे, आरशात कुणी नाही, अशा वेळी पाय दाबला तर मर्यादा न ओलांडता हा सगळा धक्का पदरात पडतो. छातीतून हवा निघून गेल्यासारखं वाटतं आणि तीन सेकंदांत सगळं संपलेलंही असतं.

आवाजाचं गणितही याच मर्यादेत बसतं. या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला पाच स्फोट होतात. मिनिटाला हजार फेरे असताना सेकंदाला ८३ स्फोट, आठ हजारांवर ६६७. म्हणजे आवाज बरोबर तीन सप्तकं चढतो. मंद्रातली घरघर मध्य सप्तकात भरीव होते आणि तार सप्तकात तिची किंकाळी होते. टर्बो नसल्यामुळे पाय आणि सूर यांच्यात अंतर राहत नाही. पाय तसूभर हलला की सूर हलतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन लाल रेषेपर्यंत नेलं तरी शंभरी गाठली जात नाही, तेव्हा ही सबंध चढण ऐकायला कायदा मोडावा लागत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे आहेत, घाटात मर्यादा आणखी खाली येते, आणि तेच योग्य आहे.

घाटात गाडीचा दुसरा गुण कळतो. खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर चढताना वळणं एकामागून एक येतात. बोरघाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची आख्यायिका याच रस्त्याची, आणि त्याचं देऊळही इथेच. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाला झटकन वळता येत नाही, कारण वजन दोन टोकांना लोंबत असतं. तेच ओझं पोटाशी धरलं तर तो जागच्या जागी फिरतो. इंजिन चाकांच्या दोन जोड्यांच्या मध्ये ठेवल्याने हुराकान अशी पोटाशी ओझं धरलेली आहे. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच आत येतं; साध्या गाडीत जाणवणारं ते किंचित वाट पाहणं इथे नाही. त्यासाठी वेग लागत नाही. ताशी चाळीसच्या वेगातसुद्धा ते मनगटांना कळतं.

आता उसनेपण. मालकाला गाडीची सवय झालेली असते, मागून नेणाऱ्याला ती व्हायला वेळच मिळत नाही. तो बसतो तेव्हा लाल झाकण उचलून त्याखालचं बटण दाबावं लागतं. निघाल्यावर पहिल्याच नाक्यावर हात सवयीने इंडिकेटरची दांडी शोधतो आणि तिथे काहीच नसतं. इंडिकेटर स्टिअरिंगवरच, अंगठ्याखाली आहे. न्यूट्रलसाठी दोन्ही पॅडल एकदम ओढायची. गाडीची उंची जेमतेम ११६ सेंटिमीटर, त्यामुळे शेजारच्या ट्रकचं चाक खांद्याला खांदा लावून फिरतंय असं वाटतं. त्या दिवशी चालकाचं लक्ष जितकं जागं असतं तितकं स्वतःच्या गाडीत वर्षानुवर्षं नसतं. थरारातला मोठा वाटा या जागेपणाचा आहे.

काळजीही त्याचाच भाग. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो, आणि हुराकान जमिनीपासून साडेबारा सेंटिमीटर. गल्लीबोळातले गतिरोधक मानक पाळत नाहीत, तेव्हा नाक उचलण्याचं बटण दाबून, गाडी तिरकी घालून, एकेक चाक चढवावं लागतं. पुढच्या टायरची भिंत सात सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चार बोटं. खड्डा आणि महागडं चाक यांच्यात एवढंच रबर असतं. म्हणून निघायचं तर पहाटे आणि पावसाळा सोडून.

देण्याघेण्याचे नियमही ठाऊक हवेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन भाड्याने देता येत नाही. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पैसे न घेता मित्राला देणं ही वेगळी गोष्ट. चालवणाऱ्याकडे वैध परवाना असेल तर विमा सहसा लागू राहतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला की मालकाचा नो-क्लेम बोनस जातो. हे दोघांनी आधीच बोलून घेतलेलं बरं.

परत करण्याची रीत सोपी आहे. टाकी भरायची, गाडी थंड झाल्यावर धुवायची, टायरमधली हवा तपासायची. शेवटी वाकून, टॉर्च लावून पुढच्या बंपरची खालची कड पाहायची. तिथे नवा ओरखडा असेल तर किल्ली देण्याआधी मालकाला तो दाखवायचा.